सांडलं ते कोणाला सांगायचं?

मे महिना होता. नागपूरचा मे, म्हणजे पहाटे चारलाही भिंतीला हात लावला तर ऊब लागते. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नाइट करत होते. डीएमएलटी संपवून नोकरीला लागल्याला चार महिने झाले होते. लॅबचं नाव सांगणार नाही, कारण ही गोष्ट त्या लॅबची नाही, माझी आहे.

थुंकीची एक डबी काउंटरवरून कॅबिनेटपर्यंत न्यायची होती. जेमतेम आठ पावलं. फॉर्मवर लिहिलं होतं, ‘टीबी संशयित’. डबीचं झाकण तिरकं बसलं होतं, ते मला दिसलंही होतं. पण एका हातात डबी होती आणि दुसऱ्या हातात फोन. लॅबमध्ये फोन आणायला बंदी होती. टेबलाच्या कोपऱ्याला कोपर लागलं, डबी पडली, झाकण उडालं आणि आतलं सगळं फरशीवर.

पहिल्यांदा मी काय केलं असेल? मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. कॅमेरा फक्त रिसेप्शनला होता.

अशा वेळी काय करायचं, हे मला पाठ होतं. परीक्षेत त्यावर आठ मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. श्वास रोखून बाहेर पडायचं, इतरांना सांगायचं, दार लावायचं, बाहेर पाटी लावायची. हवेत उडालेले बारीक थेंब खाली बसेपर्यंत निदान अर्धा तास आत पाऊल टाकायचं नाही. मग मास्क, ग्लोव्हज, गाऊन घालून आत जायचं. सांडलेल्यावर शोषून घेणारा कागद किंवा कापड टाकायचं आणि त्यावर जंतुनाशक ओतायचं, कडेकडून मध्याकडे, म्हणजे ते पसरत नाही. पुन्हा अर्धा तास थांबायचं. मग चिमट्याने उचलून पिवळ्या पिशवीत टाकायचं. शेवटी रजिस्टरमध्ये नोंद करायची.

मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि दोनदा पुसलं. स्पिरिट टीबीच्या जंतूला मारतं, हे खरं. पण त्यासाठी ते तिथे काही वेळ टिकावं लागतं. मेच्या उकाड्यात ते डोळ्यांदेखत उडून गेलं. शिवाय थुंकीचा चिकट थर जंतूंना पांघरुणासारखा झाकतो. हेही मला माहीत होतं. रिपोर्टच्या जागी मी लिहिलं, ‘सँपल अपुरं, पुन्हा द्यावं.’ त्या माणसाला उमरेडहून एसटीने परत यावं लागलं. म्हणजे एक डबी पडली आणि पाच मिनिटांत त्यातून दोन खोटी कामं झाली.

साडेपाचला मावशी बादली घेऊन आल्या. त्या पुसत पुसत माझ्या टेबलापाशी आल्या, तसे मी खुर्चीतले पाय वर घेतले. पोचा फिरताना आपण सगळेच घेतो, तसे. टेबलाच्या पायाशी कापसाचा एक धागा अडकला होता. मावशींनी तो बोटांनी उचलला, बादलीत पोचा पिळला आणि पुढे गेल्या. हातात ग्लोव्हज नव्हते. ग्लोव्हज मोजून मिळत, आणि मोजणीत मावशींचा नंबर शेवटचा.

मी काहीच बोलले नाही.

*

पुढचे काही दिवस मी स्वतःशी एकच वाद घालत होते. झालं काय शेवटी? कोणी आजारी पडलं का? नाही. मग गुन्हा कसला?

वाद वरवर पटण्यासारखा आहे. वर्धा रोडवर दोघं जण गाडी चालवता चालवता फोन बघतात असं समजा. एकाच्या पुढ्यात कोणी येत नाही, तो घरी जाऊन जेवतो. दुसऱ्याच्या पुढ्यात एक पोरगं धावत येतं. दोघांनी केलं तेच, पण एक तुरुंगात आणि दुसरा सोफ्यावर. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये या कोड्याला एक नाव दिलं, ‘नैतिक नशीब’. आपण माणसाला त्याच्या हातात असलेल्या गोष्टींवरून जोखतो असं म्हणतो, पण प्रत्यक्षात नशिबाने काय घडलं त्यावरून जोखतो.

आमच्या धंद्यातलं नैतिक नशीब कसं दिसतं, ते पाहायला मुंबईच्या परळला जावं लागेल.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने तिथे प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये मोठी प्रयोगशाळा थाटली गेली. तिथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. त्यातल्या काही पंजाबातल्या मुलकोवाल गावी पोचल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. त्या सगळ्यांना लस एकाच बाटलीतून दिली होती. बाटलीचा क्रमांक होता ५३ एन.

चौकशी आयोगाने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिनला कामावरून दूर केलं गेलं. कागदपत्रं पुन्हा तपासली गेली, रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ त्याच्या बाजूने जाहीरपणे बोलले, तेव्हा कुठे १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला. मग दोष कुठे होता? जवळपास खात्रीने, मुलकोवालमध्ये बाटली उघडताना. मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून काढला आणि त्यानेच बाटलीचं बूच उघडलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि त्यांचे बीजाणू अशा ओझरत्या बुडवण्याने मरत नाहीत.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी फोन उलटा ठेवून दिला. त्याचा चिमटा, माझी डबी. त्याचं कार्बोलिक, माझं स्पिरिट. हातातून काहीतरी पडलं, आणि नियमातली पाळायची वेळ न पाळता आम्ही दोघांनी ते ‘केल्यासारखं’ केलं. त्याच्या वाट्याला १९ मृत्यू आले, माझ्या वाट्याला काहीच नाही. मी त्याच्यापेक्षा चांगली आहे असं मी कशाच्या जोरावर म्हणू?

आणि माझ्या वाट्याला काही आलं नाही, हे तरी मी तेव्हा कसं म्हणत होते? टीबीचा जंतू शरीरात शिरला तर वर्षानुवर्षं निपचित पडून राहू शकतो. निकाल लागला नाही म्हणून मी स्वतःला सोडून देत होते, पण ही केस अशी आहे की तिचा निकाल कदाचित कधीच लागणार नाही. म्हणून परिणामांवरून माप काढण्याचा नाद मला सोडावा लागला. मग उरलं काय? पहाटे साडेपाचला वर घेतलेले माझे दोन पाय. हातातून डबी पडते, कोणाच्याही. त्यात नशिबाचा वाटा असतो. पण पाय वर घेताना नशीब कुठे होतं? मला माहीत होतं आणि मावशींना नव्हतं. तो धोका मी पुसला नाही, फक्त माझ्या पायाखालून त्यांच्या हाताखाली सरकवला.

*

धोका घेण्यात गैर काही नाही. लॅबमध्ये काम करणारा प्रत्येक जण तो रोज घेतो, पगारासाठी घेतो, आवडीनेही घेतो. हाफकिनने तर सुईने घेतला. पण त्याला माहीत होतं. धोका घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क ज्याच्या अंगावर तो येणार आहे त्याचा असतो, आणि तो हक्क वापरायचा तर आधी माहिती लागते. माहिती लपवली की समोरच्याच्या वतीने आपणच ठरवून टाकतो.

लपवलेली माहिती किती लांब जाते याचं मोठं उदाहरण सोव्हिएत रशियातलं आहे. एप्रिल १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्क शहरातल्या लष्करी कारखान्यातून अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत गेले आणि निदान ६६ माणसं मेली. सरकारने सांगितलं, खराब मांस खाल्ल्यामुळे झालं. खरं कारण लष्करी होतं, हे १९९२ मध्ये बोरिस येल्त्सिन यांनी मान्य केलं. त्या कार्यक्रमात पुढे वरिष्ठ पदावर काम केलेल्या केन अलिबेक यांनी लिहिलेली हकिगत अशी: चोंदलेला फिल्टर एका पाळीत काढला गेला, तशी चिठ्ठी ठेवली गेली, पण मुख्य रजिस्टरमध्ये नोंद झाली नाही. पुढच्या पाळीने रजिस्टर पाहिलं, त्यात काहीच नव्हतं, आणि यंत्र सुरू केलं. रजिस्टर ही काही कारकुनी गोष्ट नाही. पाळी संपवून जाणाऱ्या माणसाने येणाऱ्या माणसाशी केलेलं ते बोलणं असतं.

मग आपण बोलत का नाही? सोपं उत्तर, भीती. नोकरी जाईल, पगार कापला जाईल, सर सगळ्यांसमोर बोलतील. पण माझ्या भीतीच्या तळाशी आणखी एक भीती होती, आणि ती ओळखायला मला वेळ लागला. मला वाटत होतं, मी सांगितलं तर उद्यापासून कोणी माझ्या शेजारी बसून डबा खाणार नाही. ‘हिला टीबीचं लागलंय.’

या भीतीला मराठीत जुना शब्द आहे, विटाळ. आमच्या लॅबमध्येही दूषित होण्याचे नियम आहेत, आणि ते वरवर विटाळासारखेच दिसतात. याला शिवू नका, त्याला वेगळं ठेवा, हात धुवा. पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लॅबचा डाग वस्तूला लागतो, त्याचं कारण दाखवता येतं, आणि जंतुनाशक टाकून अर्धा तास थांबलं की तो जातो. विटाळ माणसाला लागतो, त्याला कारण लागत नाही, आणि तो कशानेच जात नाही. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो माणसांसह तो विटाळ झुगारून दिला, त्या शहरातली मी मुलगी. दीक्षाभूमीवरून रोज कामाला जाणारी. आणि तरी टेबलापाशी मी त्याच जुन्या व्यवस्थेप्रमाणे वागले. सांडणारा वर, पुसणारा खाली, आणि पुसणाऱ्याला सांगायची गरज नाही.

२०२० मध्ये आपण हेच मोठ्या प्रमाणावर पाहिलं. टाळ्या वाजवणाऱ्या देशात नर्सना आणि टेक्निशियनना घरमालक खोल्या खाली करायला सांगत होते. शेवटी २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश काढून आरोग्य कर्मचाऱ्यांना त्रास देणं हा गुन्हा ठरवावा लागला. ज्या कायद्यात ही दुरुस्ती झाली तो १८९७ चा साथरोग कायदा, हाफकिनच्या काळच्या प्लेगसाठी केलेला. जंतू बदलले, पण ‘लागलं’ म्हटल्यावर माणसाकडे बघायची नजर तीच राहिली. जिथे सांगणाऱ्यालाच विटाळ लागतो, तिथे कोण सांगणार?

*

नवव्या दिवशी मावशींनी पेढे आणले. नातीला दोन वर्षं झाली होती. मोबाइलवर फोटो दाखवत म्हणाल्या, “रात्री माह्याचजवळ झोपते. मायजवळ जात नाही.”

लहान मुलांना टीबी झाला तर तो फार वाईट रूप घेऊ शकतो, हे मी शिकले होते. पेढा हातात तसाच राहिला. त्या रात्री मी त्यांना पाण्याच्या टाकीजवळ नेलं आणि सगळं सांगितलं. फोन, डबी, स्पिरिट, पाय वर घेतलेले, सगळं.

मला वाटलं होतं त्या ओरडतील, किंवा ‘जाऊ दे पोरी’ म्हणतील. दोन्ही झालं नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “तवाच सांगतलं असतं तर मी काही सुट्टी नसती मागतली. पैसे नसते मागतले. पोरीले आठ दिवस मायजवळ झोपवलं असतं, एवढंच.”

एवढंच. या शब्दाने माझा सगळा युक्तिवाद संपवला. परिणाम, नशीब, शक्यता हे सगळं माझ्या बाजूचं गणित होतं. मावशींच्या बाजूला एकच गोष्ट होती: नऊ रात्री त्यांना जे ठरवता आलं असतं, ते ठरवायची संधीच मी त्यांना दिली नव्हती. त्या रात्री परत देता येत नाहीत.

आमच्या कामात उशिराला फार अर्थ असतो. वापरलेली सुई टोचली तर बोट दाबून रक्त काढायचं नसतं, तोंडात तर घालायचंच नसतं; साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि लगेच सांगायचं. एचआयव्ही टाळणारी औषधं शक्यतो २ तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, ती पुढे २८ दिवस चालतात. म्हणजे दोन तासांत सांगितलेलं खरं औषधासारखं कामी येतं. चौथ्या दिवशी सांगितलं तर ती फक्त कबुली होते. सांगणाऱ्याचं मन हलकं होतं, ऐकणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नसतो. माझी नवव्या दिवसाची कबुली बरीचशी त्याच जातीची होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सरांकडे गेलो. दोघींच्या तपासण्या झाल्या, छातीचे एक्स-रे निघाले, तीन महिन्यांनी परत तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. सरांनी मला विचारलं, “फोन हातात होता?” मी हो म्हणाले. पगार कापला गेला. त्यात माझी तक्रार नाही, नियम मी मोडला होता. पण शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी ते पाहिलं, आणि त्यातून ते काय शिकले असतील ते मला कळत होतं. फोन आणू नये, हे नव्हे. सांगू नये, हे.

लॅबमधून होणाऱ्या संसर्गांचा एक जुना मोठा आढावा आहे, पाइक या अमेरिकन संशोधकाचा, १९७६ मधला. ३,९२१ जणांची प्रकरणं त्याने गोळा केली. त्यातल्या २० टक्क्यांहून कमी प्रकरणांत कारण म्हणून एखादा ठाऊक असलेला अपघात दाखवता आला. बाकीच्यांना संसर्ग कुठून झाला ते कळलंच नाही. त्यात हवेतून नकळत झालेले पुष्कळ असतील. पण वाचताना मला प्रश्न पडतो, त्यात किती जणांनी माझ्यासारखे पाय वर घेतले असतील?

*

आठवडाभर मावशी माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मग एका पहाटे बादली बाजूला ठेवून म्हणाल्या, “आता मले शिकव. काय सांडलं तं काय कराचं, सगळं.”

मी आठ मार्कांचं उत्तर पहिल्यांदा कोणाला तरी खरोखर सांगितलं. आधी बाहेर, मग सांगणं, मग थांबणं. कागद टाकायचा, कडेकडून मध्याकडे ओतायचं. काच हाताने उचलायची नाही. थुंकी-रक्ताने भरलेलं पिवळ्या पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात. हायपोक्लोराइटचं पाणी रोज ताजं करायचं. “काल बनवलं ते काऊन नाही चालत?” त्यांनी विचारलं. मी त्यांना चीनमधल्या लांचौ शहराची गोष्ट सांगितली. २०१९ मध्ये तिथल्या लस कारखान्याने मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं, ब्रुसेलाचे जंतू धुराड्यातून बाहेर गेले आणि आसपासच्या १० हजारांहून अधिक लोकांना लागण झाली. मावशींनी शांतपणे ऐकलं आणि कालची बाटली मोरीत ओतली.

हेही सांगितलं की २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ-बी आणि धनुर्वाताची लस देणं दवाखान्याचं आणि लॅबचं काम आहे. म्हणजे त्यांनाही. “मले कोणी सांगतलंच नाही,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या सरांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. लशी मिळाल्या, आणि ग्लोव्हजचा एक डबा त्यांच्या नावाने ठेवला गेला.

मग त्यांनी स्वतःचा एक नियम काढला. ज्याच्या हातून काही पडेल त्याने जोरात म्हणायचं, “सांडलं!” कोणी सांडलं, कसं सांडलं, हे अर्धा तास कोणी विचारायचं नाही. आधी सगळे बाहेर. सर पहिल्यांदा हसले. पण नियम राहिला.

मुलकोवालमध्ये दोष कोणाचा, हे ठरवायला पाच वर्षं लागली. चिमटा पडला तर तो बाजूला ठेवून दुसरा घ्या, हे सांगायला पाच मिनिटं पुरली असती. आपल्याकडे पहिला प्रश्न फार लवकर विचारला जातो, आणि त्या घाईत दुसरा राहून जातो. मी असं म्हणत नाही की दोष विचारूच नये. माझा होता, आणि तो विचारला गेला हे बरोबर झालं. फक्त तो दुसऱ्या क्रमांकावर यावा. कागद टाकून, जंतुनाशक ओतून, दाराबाहेर उभं राहून थांबायचा जो अर्धा तास आहे, त्याच्या नंतर.

मागच्या पावसाळ्यात मी सुई जाळायच्या मशीनपाशी उभी होते. मागून काच फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मावशींचा खणखणीत आवाज, “सांडलं!”

ब्लड कल्चरची बाटली होती. त्यांच्याच हातून पडली होती. आम्ही चौघं बाहेर आलो, दार लावलं, कोणीतरी घड्याळ पाहिलं. बाहेरच्या बाकावर मावशी माझ्या शेजारी बसल्या. त्यांचे हात थरथरत होते. आम्ही कोणी काही विचारलं नाही. अजून सव्वीस मिनिटं बाकी होती.